वाचकांचे प्रश्न : वाढत्या वयातली श्रद्धा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या वेळचे सदर मी त्यांनाच दिले आहे. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत, आणि पत्रांचा मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, घरात मराठी बोलतो आणि गेली अठरा वर्षे म्हापशात राहतो. मोठा मुलगा पंधरा वर्षांचा असून कॅथलिक शाळेत दहावीला आहे. लहानपणी तो हौसेने वेदीसेवक होता. गेले सहा महिने मात्र तो रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) यायला नकार देतो. "मला तिथे काहीच वाटत नाही, मग खोटे खोटे कशाला उभे राहू?" असे म्हणतो. त्याच्या वडिलांनी चिडून त्याचा मोबाइल काढून घेतला, तरी फरक पडला नाही. यंदा त्याचा दृढीकरण संस्कार व्हायचा आहे. सासूबाई म्हणतात, शाळेनेच पोराला बिघडवले. आमचे कुठे चुकले?
– एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले मुलाचे ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. देवासमोर खोटे उभे राहू नये, असे ज्याला मनापासून वाटते, त्याने वेदीजवळ काढलेली वर्षे वाया गेलेली नाहीत. त्याला देवाचे काहीच वाटत नसते, तर तो मित्रांबरोबर मागच्या बाकावर बसून तासभर काढून आला असता आणि तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नसती. तो नकार देतो आहे आणि त्याचे कारणही तुम्हाला सांगतो आहे. ज्या घरात मूल कारण सांगते, त्या घरात बोलण्याची वाट अजून मोकळी आहे.

तुमचे चुकले का, हे मी दुरून सांगू शकत नाही. माझे कुठे चुकले ते मात्र सांगू शकते. मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि सोबत धर्मशिक्षणाचे वर्गही घेतले. सुरुवातीच्या काळात आम्ही प्रत्येक मुलाला एक कार्ड देत असू, त्यावर रविवारच्या मिस्सेला आल्याचा शिक्का मारला जाई आणि वर्षाच्या शेवटी सर्वांत जास्त शिक्के असणाऱ्याला बक्षीस मिळे. जुलैतल्या एका रविवारी, मिस्सा संपत आलेली असताना, आठवीतला एक मुलगा धो धो पावसात सायकलवरून आला. चर्चच्या पोर्चमध्ये त्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून कार्ड काढले आणि दारातच माझ्यापुढे धरले. तो स्वतः नखशिखान्त भिजला होता, पण कार्डावर पाण्याचा एक थेंब नव्हता. आत वेदीकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. मी शिक्का मारला आणि तो आला तसा निघून गेला. ते कार्ड इतके जपायला त्याला मीच शिकवले होते, हे कळायला मला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला. पुढच्या वर्षापासून आम्ही कार्डे बंद केली. वर्गातली हजेरी काही आठवडे घटली, हेही प्रामाणिकपणे सांगते.

तुमच्याकडचा मोबाइल हा या कार्डाचाच दुसरा प्रकार आहे. अभ्यासासाठी किंवा झोपेसाठी मोबाइल काढून घ्यायचा तर जरूर घ्या, त्यात गैर काही नाही. पण मिस्सेची किंमत म्हणून तो ओलीस ठेवू नका. मिस्सेला गेले की मोबाइल परत मिळतो, एवढाच हिशेब त्याच्या मनात उरला, तर तुम्ही त्याला परत चर्चमध्ये आणाल आणि तो पूर्वीपेक्षा अधिक लांब जाईल.

याचा अर्थ "तुला हवे तेव्हा ये" असे म्हणून सोडून द्यावे असा नाही. रविवारची मिस्सा कॅथलिक माणसासाठी ऐच्छिक नाही आणि तुम्ही ती तशी आहे असे भासवूही नये. पंधरा वर्षांच्या मुलाला आईबाप शांतपणे एवढे सांगू शकतात : आपले घर रविवारी एकत्र जेवते तसे एकत्र मिस्सेला जाते, तू आमच्यासोबत चल, तिथे तुला काय वाटावे, याची मात्र आम्ही सक्ती करणार नाही. त्याला कम्युनियनला (ख्रिस्तप्रसाद घ्यायला) जावेसे वाटले नाही, तर बाकावर बसून राहू द्या, आणि परतीच्या वाटेवर त्याची उलटतपासणी घेऊ नका. हे त्याच्या वडिलांना जड जाईल. आपण आपल्या बापापुढे तोंडही उघडले नाही, असे बहुतेक बाप मला सांगतात. ते खरे असते. पण न उघडलेल्या तोंडामागे त्या वयात काय चालले होते, हे विचारले की ते गप्प होतात.

आता दृढीकरणाविषयी. चर्चच्या नियमानुसार हा संस्कार घेणाऱ्याला योग्य शिकवण मिळालेली असावी, त्याच्या मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने दिलेली वचने त्याला स्वतःच्या तोंडाने पुन्हा देता यावीत. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही त्याच्यासाठी "होय" म्हणालात, आता ते "होय" त्याचे स्वतःचे असायला हवे. म्हणून यंदा सगळ्या वर्गाबरोबर उरकून टाकू, पाहुण्यांना आमंत्रणे गेली आहेत, हॉल ठरला आहे, या दडपणाखाली तो संस्कार होऊ देऊ नका. तुमच्या विगारांना (चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंना) भेटा, मुलाला त्यांच्याशी एकटे बोलू द्या. वर्षभर थांबायचे ठरले, तर त्यात लाज नाही. माझ्या मते घाईने घेतलेल्या संस्कारापेक्षा वर्षभर उशिरा, विचारपूर्वक घेतलेला संस्कार त्याला जन्मभर पुरेल.

दरम्यान एक गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे धर्मपित्याची, संस्काराच्या वेळी मुलासोबत उभे राहून पुढे श्रद्धेत त्याला साथ देणाऱ्या माणसाची, निवड. नियमाप्रमाणे आईवडील स्वतः धर्मपिता किंवा धर्ममाता होऊ शकत नाहीत. ती व्यक्ती सोळा वर्षे पूर्ण झालेली, स्वतः दृढीकरण घेतलेली आणि श्रद्धेने जगणारी हवी. आपल्याकडे बहुतेक वेळा परदेशातला काका किंवा चांगली भेट देणारा मामा निवडला जातो. तसे करू नका. ज्याच्याजवळ तुमचा मुलगा मन मोकळे करू शकेल, जो जवळपास राहतो आणि ज्याच्यासोबत तो फुटबॉलची मॅच बघायला किंवा गळ टाकून मासे पकडायला जाऊ शकेल, असा माणूस शोधा.

हे मी अशासाठी सांगते की, ज्यांना आपण गोंयचो सायब म्हणतो, त्या संत फ्रान्सिस झेवियरांचीही वाट अशाच एका मित्राने उघडली होती. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले आणि घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत रस्त्यांतून फिरले, हे आपण प्रत्येक नोव्हेनात (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत) ऐकतो. त्याआधीचा पॅरिसमधला फ्रान्सिस मात्र आपण मुलांना सांगत नाही. १५२९च्या सुमारास इग्नेशियस लोयोला (पुढे जेझुइट संघाचे संस्थापक) त्यांच्या खोलीत राहायला आले, तेव्हा फ्रान्सिस तेवीस वर्षांचे होते, हुशार होते, मोठ्या पदाची स्वप्ने पाहत होते आणि या वयाने मोठ्या, लंगडत चालणाऱ्या सोबत्याच्या धार्मिक बोलण्यात त्यांना मुळीच रस नव्हता. इग्नेशियसनी त्यांच्याशी वाद घातला असेल, नसेल. पण फ्रान्सिसनी पुढे आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात आठवण काढली आहे ती पैशाच्या अडचणीत त्यांनी केलेल्या मदतीची आणि त्यांनी जोडून दिलेल्या मित्रांची. मोंमार्त्रच्या टेकडीवर दोघांनी सोबत्यांसह व्रत घेतले ते १५ ऑगस्ट १५३४ रोजी. मध्ये चांगली चारपाच वर्षे गेली. तुमच्या मुलाला तर अवघे सहा महिने झाले आहेत.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. शाळेला दोष देण्यापेक्षा त्यांच्याजवळ याहून मोलाचे काहीतरी आहे. संध्याकाळी आंजेलची (सांजप्रार्थनेची) घंटा झाली, घरातला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपला, की नातवंडांनी वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून बेसांव (आशीर्वाद) मागायचे आणि त्यांनी ते द्यायचे, ही गोव्यातली रीत त्यांच्या घरात अजून असेल, तर ती त्यांनी सोडू नये. नातू तेर्साला बसला नसला, तरी त्या रात्री त्याने न मागताही आजीने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी. त्या वयातली मुले उपदेश झटकतात, आजीचा हात सहसा झटकत नाहीत.

प्रश्न : मी साष्टीतील एका कॅथलिक शाळेत शिक्षिका आहे. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना मुले पाठ म्हणतात आणि आमेन संपण्याआधीच कुजबुजू लागतात. वर्षातून एकदा रिट्रीट (प्रार्थना आणि चिंतनाचे शिबिर) होते, त्यात अनेक मुले रडतात, एकमेकांची क्षमा मागतात आणि सोमवारी सगळे पूर्ववत होते. माझ्या वर्गात निम्मी मुले हिंदू आहेत, काही मुस्लिम आहेत. कॅथलिक मुलांची श्रद्धा वाढवायची आणि इतरांना परके वाटू द्यायचे नाही, हे दोन्ही कसे साधावे?
– एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : रिट्रीटमधले अश्रू खोटे नसतात, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. दिवे मंद करून, संथ गाणी लावून चौदा वर्षांच्या मुलांना रडवणे कठीण नाही. त्या वयात मन काठोकाठ भरलेलेच असते. त्या दिवशी मुलाने जे बाहेर काढले, ते ऐकायला मंगळवारी, बुधवारी आणि पुढच्या महिन्यात कोण आहे, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. रिट्रीटच्या खर्चातला अर्धा भाग वर्षभर आठवड्याला एकदा शाळेत येणाऱ्या समुपदेशकासाठी ठेवा, असे मी आमच्या व्यवस्थापनाला सांगितले होते, आणि संधी मिळाली तर आजही सांगेन.

माझ्या वर्गात खिडकीजवळ बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असे. त्याच्या झाकणाला चीर पाडली होती आणि मुलांनी नाव न लिहिता कोणताही प्रश्न त्यात टाकावा, असे ठरले होते. पहिल्या महिन्यात थट्टेच्या चिठ्ठ्या आल्या, मग हळूहळू दुसऱ्या येऊ लागल्या. एका चिठ्ठीवर निळ्या पेनाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिल्यासारखी, तीन वाक्ये होती : "पप्पा रोज पितात. आम्ही रोज तेर्स करतो. देव कोणाचे ऐकतो?"

ती चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही. घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि त्या आठवड्यात ठरलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही बायबलमधली स्तोत्रे वाचायला घेतली. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे देवाकडे केलेल्या उघड तक्रारी आहेत, "तू कुठे आहेस, किती काळ लपून राहणार," असे त्यांत विचारले आहे, आणि क्रूसावर येशूच्या ओठी आलेली हाक त्यांपैकीच एका स्तोत्राची आहे, हे वर्गातल्या बहुतेक मुलांनी कधी ऐकलेच नव्हते. देवाशी भांडणे हीदेखील प्रार्थना असू शकते, एवढेच मी सांगितले आणि मधल्या सुट्टीत मी वाचनालयात एकटीच असते, हेही ओघात सांगून ठेवले. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी पुस्तक बदलण्याच्या निमित्ताने आली. तिला उत्तर हवे होतेच, पण त्याहून आधी मदत हवी होती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या जोडीने दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट चालतात, त्यांची माहिती मी तिच्या आईला दिली. वडिलांचे पुढे काय झाले, हा भाग सांगण्याचा अधिकार त्या कुटुंबाचा आहे. मी एवढेच सांगेन की, ती मुलगी वर्षअखेरीपर्यंत वाचनालयात येत राहिली.

मुलांचे प्रश्न म्हणजे धर्मशिक्षणातला व्यत्यय, असे आपल्याला का वाटते, मला कळत नाही. तुमच्याच साष्टीत, राशोलला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्यात श्रोता मध्येच शंका विचारतो आणि पाद्री त्याला उत्तर देतो, अशी रचना आहे. शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, तेव्हाही तो गुरूंच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. असेंब्लीतली प्रार्थना तशीच ठेवा, पण आठवड्यातून एकदा ती लिहिण्याचे काम एका वर्गाला द्या. परीक्षेची भीती, कोणाची आजारी आई, वाड्यावर झालेला अपघात, हे त्यात येऊ द्या. नंतर अर्धा मिनिट सगळ्यांनी निःशब्द उभे राहावे. त्या अर्ध्या मिनिटात हिंदू आणि मुस्लिम मुलालाही स्वतःची जागा मिळते.

तुमच्या प्रश्नातली दुसरी काळजी रास्त आहे, पण या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ख्रिस्ती शिक्षणाविषयीची आणि इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीची घोषणापत्रे एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, प्रसिद्ध केली. पहिल्या घोषणापत्रात कॅथलिक शाळेची ओळख सांगताना शुभवर्तमानातल्या स्वातंत्र्याच्या आणि प्रीतीच्या वातावरणाचा उल्लेख आहे. कॅथलिक मुले दोतोर्नच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गाला जातात, तेव्हा बाकीची मुले मूल्यशिक्षणाच्या तासाला बसतात. पुष्कळ शाळांत हा तास वह्या पूर्ण करण्यासाठी वापरला जातो आणि त्याचेच मला वाईट वाटते. त्या तासाला चांगला शिक्षक द्या. सेवेचे काम सर्वांनी मिळून करू द्या, पण तेही एका दिवसाच्या फोटोपुरते नको. वृद्धाश्रमात वर्षातून एकदा सत्तर मुलांनी केक घेऊन जाण्यापेक्षा चार मुलांनी दर शनिवारी त्याच एका आजोबांकडे जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवावे. कार्लो अकुतिस हा २००६ साली पंधराव्या वर्षी वारलेला मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाल्यापासून जीन्स घातलेली त्याची छबी अनेक शाळांच्या भिंतींवर लागली आहे. ती जरूर लावावी, पण त्याच्या संगणकाच्या आवडीइतकेच त्याच्या रोजच्या मिस्सेविषयी आणि घराजवळच्या बेघर माणसांशी त्याने जोडलेल्या ओळखींविषयीही मुलांना सांगावे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजी गेल्यापासून प्रार्थना करताना मला काहीच वाटत नाही. शब्द म्हणते, पण पलीकडे कोणी नाही असे वाटते. गाण्याच्या गटात मी पुढे उभी राहून गाते, तेव्हा आपण ढोंग करतो आहोत असे वाटून लाज वाटते. हे पाप आहे का? पापनिवेदनात सांगावे का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही बाळा, हे पाप नाही. काही न वाटणे माणसाच्या हातात नसते, आणि जे हातात नाही त्याचा दोष तुझ्यावर येत नाही. ढोंग तेव्हा होते, जेव्हा माणूस दुसऱ्यांना दाखवण्यासाठी प्रार्थना करतो. तू कोरड्या मनानेही प्रार्थना करते आहेस, याला मी निष्ठा म्हणेन. मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ साली, प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कोलकात्यात रस्त्यावरच्या माणसांची सेवा करताना अनेक वर्षे त्यांनाही आतून असाच अंधार जाणवत होता. त्या पहाटे उठत राहिल्या, प्रार्थनेला बसत राहिल्या. २०१६ साली त्यांना संतपद मिळाले, ते हा अंधार ठाऊक असतानाच.

शिवाय तुझी आजी गेली आहे. तुला प्रार्थना करायला तिनेच शिकवले असेल, तर प्रार्थनेला बसले की आधी तिची रिकामी जागा जाणवणार, देव नंतर. हे दुःख आहे आणि दुःखाला वेळ लागतो. लांब प्रार्थना जमत नसेल, तर तिची जपमाळ हातात धरून नुसती बस, एक मणीही पुढे सरकला नाही तरी चालेल. धर्मगुरूंशी जरूर बोल, पण पापाची कबुली म्हणून नको, मनातले सांगायचे म्हणून. गाणे सोडू नकोस. ज्या दिवशी तुला काही वाटत नाही, त्या दिवशी तुझ्या गाण्यामुळे मागच्या बाकावरच्या एखाद्याला प्रार्थना करता येत असेल. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावेसे वाटत नसेल, तर हे आईला याच आठवड्यात सांग. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे कोणी म्हटले तर ते मनावर घेऊ नकोस.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. मुलगी आठवीत, कॉन्व्हेंट शाळेत शिकते. मधल्या सुट्टीत ती कधी कधी शाळेच्या चॅपेलमध्ये जाऊन बसते असे तिनेच सांगितले. माझा शाळेवर संशय नाही, पण नातेवाईक काळजीत पाडतात. काय करावे?
– एक वडील, डिचोली

उत्तर : कायद्याची बाजू आधी सांगते, म्हणजे नातेवाइकांना उत्तर देता येईल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३)नुसार शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला उपस्थित राहायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान (अठरा वर्षांखालील) असेल, तर पालकाची संमती लागते. तुमच्या पत्रावरून सक्ती झाल्याचे दिसत नाही, आणि तुमच्या मुलीने ते आपण होऊन तुम्हाला सांगितले, हे फार चांगले लक्षण आहे. तिला रागावलात, तर पुढच्या वेळी ती जाईल आणि सांगणार नाही.

तुम्ही डिचोलीचे, तेव्हा शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (माता मरिया) या बहिणी आहेत ही लोकधारणा तुम्हाला मी सांगायला नको. मिलाग्रीसच्या फेस्ताला तेल वाहायला येणाऱ्या हिंदू भाविकांत तुमच्याही घरचे कोणी असेल. देवाच्या जागी शांत बसल्याने आपल्या मुलांचे काही बिघडते, असे आपल्या लोकांनी कधी मानले नाही. दोन्ही बाजूंनी पथ्य मात्र पाळायला हवे. शाळेने दुसऱ्या धर्माच्या मुलाला त्याच्या पालकांना अंधारात ठेवून कोणत्याही धार्मिक गोष्टीत ओढू नये, हे मी आमच्या शिक्षकांनाही नेहमी बजावत असे. मनात शंका उरली असेल, तर मुख्याध्यापिकांशी सरळ बोला, त्यांना त्याचा राग येऊ नये.

त्याआधी मुलीला विचारा की ती तिथे काय करते. कदाचित प्रार्थना करत असेल, कदाचित वर्गातल्या कोणाशी तरी बिनसले असेल आणि सुट्टीत एकटीने बसायला दुसरी जागा नसेल. तसे असेल, तर तुम्हाला चॅपेलची नाही, त्या बिनसण्याची चौकशी करावी लागेल. पुढच्या पालकसभेला दहा मिनिटे लवकर जा, तिला म्हणा, "तू बसतेस ती जागा मला दाखव," आणि थोडा वेळ तिच्याशेजारी बसा.